आई आणि उलटा डबा

माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं पटत नाही, हे जबलपुरातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या घरी मी जाऊन सांगून आलो. तो अधारतालला राहतो, मी विजय नगरला, आणि मधलं अंतर आम्हा दोघांनाही कमीच वाटतं.

भांडणाचं कारण आई. आमच्या समाजात माणसाची किंमत पगारावर ठरत नाही, मोटारीवर ठरत नाही. मंडळाच्या गणपतीत आरती संपते, प्रसादाचा द्रोण हातात पडतो न पडतो तोच कोणी तरी काकू विचारते, "आई कोणाकडे असते रे?" बस. या एका प्रश्नावर निकाल लागतो. ज्याच्याकडे आई, तो गुणाचा. दुसरा मग कलेक्टर का असेना, तो बायकोच्या ताटाखालचं मांजर.

आई माझ्याकडे होती. तेव्हा मंडळात मी द्रोणातला शिरासुद्धा मान वर करून खात असे आणि भाऊ चपला शोधायच्या निमित्ताने लवकर बाहेर पडत असे. ती माझ्याकडे का होती म्हणाल, तर डब्यामुळे.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं जुनं यंत्र. काळं, जाडजूड पुस्तकाएवढं. भावाने लग्नाआधी मोटारींच्या शर्यती खेळायला घेतलं होतं. फॅक्टरीतून आला की जेवण नाही, आंघोळ नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शर्यत. एकदा एका वळणावर इतका रंगला की सोफ्यासकट कलंडला. पुढे लग्न झालं आणि वहिनीने तो डबा पिशवीत घालून माझ्या हातात दिला. त्या वेळी माझा भाऊ शेजारी उभा राहून नखं कापत होता, एक अक्षर बोलला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर "मी फक्त वापरायला दिला होता" असं त्याने गावभर सांगितलं.

आमच्याकडे शर्यती खेळायला कोणाला वेळ नव्हता. पण त्या डब्यात सिनेमाची डिस्कही चालते हे मला कळलं आणि तिथून आईचे सिनेमे सुरू झाले.

जबलपुरात मराठी सिनेमा थिएटरला लागतो तो ग्रहणासारखा, कधी तरी आणि भलत्याच वेळी. म्हणून आमच्या घराण्यात पहिल्यापासून पद्धत: जो नागपूरला जाईल त्याने येताना मराठी सिनेमाची एक डिस्क आणायची. लग्नाला जा, मयताला जा, दाढ काढायला जा, डिस्क आणल्याशिवाय घरात पाणी मिळणार नाही. परतताना गाडी जबलपूरच्या तोंडाशी, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर आली की भल्याभल्यांचे हात आपोआप पिशवीत जायचे, डिस्क आहे ना म्हणून. माझा एक आतेभाऊ डिस्क विसरला तो पुलावरूनच मागे फिरला आणि भीतीने नागपुरातच नोकरीला लागला. तो म्हणतो नोकरी आधीच लागली होती. म्हणू दे.

या डब्याला नेहमीचा रिमोट नव्हता. गेम खेळायचं दोन्ही हातांत धरायचं ते शिंगांसारखं हँडल, त्याची वायर तोकडी, आणि त्यावर बटणं म्हणजे त्रिकोण, गोल, चौकोन आणि फुली. आईने पहिल्याच दिवशी सगळ्यांचं बारसं उरकलं. समोसा, बांगडी, बर्फी आणि फुली. फुली दाबली की सिनेमा चालू, बांगडी दाबली की बंद. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. ती ओरडायची, "आजी, समोसा मत दबाओ, फिर शुरू से आ जाएगा." आई म्हणायची, "तू समोसा खा अन् गप बस."

डिस्का वापरून वापरून इतक्या घासल्या होत्या की नायक नायिकेचा हात धरायला पुढे व्हायचा आणि तिथेच खिळायचा. तेवढ्यात आई कुकर लावून यायची. एकदा तो असा अडकला की घरात साबुदाणा भिजला, फुलला, त्याची खिचडी झाली, ती खाऊन संपली, तरी हात काही धरला गेला नाही.

मग डब्याचं वय झालं. त्याच्या पोटातला जो डोळा डिस्क वाचतो तो अधू झाला. डिस्क घातली की नुसता घरघरायचा, शेजारच्यांना वाटायचं आम्ही पिठाची गिरणी टाकली. एके दिवशी संतापून मी तो टेबलावर पालथा आपटला आणि सिनेमा सुरू झाला. सुलटा केला, बंद. पालथा केला, चालू. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. झाकण उघडायचं, डिस्क टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवायची, झाकण लावायचं आणि तव्यावर थालीपीठ उलटतात तसा डबा उलटायचा. आई तर एका हाताने उलटायची. हे गुपित माझ्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

आईसाठी मी मागच्या खोलीत स्वतंत्र थिएटर काढून दिलं होतं. जुना खोक्याचा टीव्ही, टेबलावर डबा, तिची खुर्ची, आणि दार लोटलं की बाहेरच्याचा आत त्रास नाही, आतल्याचा बाहेर नाही. जबलपुरात कोणत्या मुलाने आईला खाजगी थिएटर दिलं आहे, मला दाखवा. मंडळात मी हे इतक्या वेळा सांगितलं की एका काकांनी तिकीट कुठे मिळतं म्हणून विचारलं.

ते भावाच्या कानावर गेलं. त्याला खुपणारच. त्याच्या हॉलमध्ये टीव्ही एवढा मोठा आहे की बातम्या सांगणारी बाई आपल्याहून उंच दिसते आणि माणूस उगीच उठून उभा राहतो. तरी आई त्याच्याकडे नव्हती. टीव्ही असून आई नाही आणि कचऱ्यातला डबा असून आई माझ्याकडे, हे त्याच्या पोटात दगडासारखं बसलं असणार.

एके दुपारी मी ऑफिसातून आलो तर मागच्या खोलीतल्या टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन, म्हणजे डबा होता तेवढी जागा. खुर्ची रिकामी.

"दादा आले होते," बायको म्हणाली. "चहा घेतला, पोहे घेतले, डिस्कांसकट डबा घेतला."

"अन् तू नेऊ दिला?"

"मी काय डब्याला मिठी मारून बसू? म्हणाले, माझी वस्तू आहे, आईला तिकडे पाहायला लागेल."

"आई काय म्हणाली?"

"आई काही म्हणाल्या नाहीत. पिशवी भरून राहिल्या होत्या."

म्हणजे हा माणूस माझ्या घरात माझे पोहे खाऊन माझी आई घेऊन गेला. दरोडेखोर निदान तोंड बांधून येतात. हा दोनदा पोहे मागून खाऊन गेला, वर बायकोला म्हणाला, मीठ कमी आहे.

त्या रात्री मी जेवलो नाही असं मी लोकांना सांगतो. जेवलो होतो, पण रागाने जेवलो, ते धरत नाहीत.

पुढच्या रविवारी भावाचा फोन आला.

"काय केलं बे तू डब्याला?"

"काहून? काय झालं?" मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"डिस्क घेऊन नाही राहिला. सगळ्या घालून पाहिल्या."

"तुझ्या घरी त्याला करमत नसेल."

"सीधी बात कर. तू बिघडवून दिला."

"दादा, मी दिला नाही. तू नेला."

त्याने फोन आपटला. मी इतका हसलो की बायकोने खिडकी लावून घेतली. माझा आनंद नुसता डबा बंद पडल्याचा नव्हता. आई तिथेच बसली होती. डबा उलटायचा असतो हे तिला पाठ होतं. तरी ती बोलली नाही. का बोलली नाही? म्हणजे ती माझ्या बाजूची. शत्रूच्या किल्ल्यात बसून आतून दारूगोळा भिजवत होती माझी आई. डबा चालला नाही की ती म्हणणार, मला इथे करमत नाही, आणि परत येणार. हे मी बायकोला समजावून सांगितलं.

"मग त्या फोन काहून करत नाहीत?" बायकोने विचारलं.

"फोनवर असं बोलतात का? भाऊ कान लावून बसला असेल."

"अच्छा," बायको म्हणाली. बायको अच्छा म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं ते सगळ्या नवऱ्यांना कळतं.

आई आली नाही. मंडळाच्या कोजागरीला एका काकूने गाठलंच. मी म्हणालो, आई हवापालटाला गेली आहे. काकू म्हणाली, "विजय नगरातून अधारतालला?" आणि माझ्या कपात दूध अर्धंच ओतलं. त्याच गर्दीत पलीकडे माझा भाऊ मसाला दूध मिशीला लावून उभा होता, छाती एवढी काढून की मागच्या लोकांना चंद्र दिसत नव्हता.

पण त्याचं सुखही अर्धं होतं. आईला सिनेमासाठी नेलं असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं आणि सिनेमा चालत नव्हता. त्याने डबा पुसला, फुंकला, उन्हात ठेवला. वहिनीने तो तांदळात पुरून ठेवला, ओला मोबाईल ठेवतात तसा, आणि त्या तांदळाचा भात नंतर सगळ्यांना खावा लागला, असं मला त्यांच्याच मुलाने सांगितलं. शेवटी दिवाळीच्या थोडं आधी भावाने मला बोलावून घेतलं. नाक मुठीत धरून बोलावलं असं मी म्हणणार होतो, पण तो म्हणाला, "ये बे, निपटवून टाक एकदाचं."

मी अधारतालला गेलो तो जिंकलेल्या माणसासारखा. जाताना खोव्याची जलेबीसुद्धा घेतली.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये समोर आई, सोफ्यावर पाय वर घेऊन, मांडीवर शेंगांची परडी. टीव्हीवर कुठली तरी परदेशी मालिका, माणसं तिकडची आणि हिंदी आपली. एक डॉक्टर आपल्याच आईचं ऑपरेशन करत होता आणि मास्कच्या आतून रडत होता.

"आई," मी म्हणालो.

"मधे नको उभा राहू," आई म्हणाली. "बस तिकडे."

मी बसलो. डबा टीव्हीखाली होता, सुलटा, तांदळाचे दोन दाणे अजून फटीत. भाऊ आला, वहिनी आली. मी लगेच मुद्द्यावर आलो.

"डबा मी आत्ता चालू करून देतो. पण मग डबा अन् आई, दोन्ही माझ्याकडे येतील."

"आईचा सौदा करून राहिला का?" भाऊ म्हणाला.

"तू चोरी केली. सौदा त्याच्यापेक्षा बरा."

"माझ्या पगारातून घेतलेला डबा आहे तो."

"अन् वहिनींनी फेकायला दिला तेव्हा तुझा पगार कुठे होता?"

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "आधी चालू तर करून दाखवा. नुसतं तोंड चालू आहे तुमचं."

"दाखवतो. तुम्ही दोघं तोंड फिरवा."

"काहून?"

"ते मला माहीत आहे म्हणून."

भाऊ तोंड फिरवायला तयार नव्हता. त्याने फिरवल्याशिवाय मी हात लावायला तयार नव्हतो. तो म्हणाला जादूगार झाला का बे. मी म्हणालो तुझ्यासारखा उठाईगीर तर नाही झालो. आवाज इतके चढले की टीव्हीतला डॉक्टर सुरी हातात धरून आमच्याकडे पाहतो आहे असं मला वाटलं.

आईने रिमोट उचलला आणि डॉक्टरला थांबवलं. परडी बाजूला ठेवली, उठली, डब्याचं झाकण उघडलं, डिस्क टक् करून बसवली, झाकण लावलं, एका हाताने डबा उलटा केला आणि फुली दाबली. सिनेमा सुरू झाला. त्या प्रचंड टीव्हीवर नायिकेचं नाक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं, आणि तेही चौकोन चौकोन झालेलं, फरशी बसवल्यासारखं.

भाऊ म्हणाला, "आई, तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कोणाला? मीच तर उलटत होती रोज."

"मग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू लावून दिला असता," आई म्हणाली.

मला वाटलं आता माझ्या बाजूने बोलणार. मी जरा पुढे सरकून बसलो. ती माझ्याकडे वळली.

"अन् तू. मंडळात थिएटर थिएटर सांगून राहिला होता. मागची खोली होती ती. तुमच्याकडे पाहुणे आले की दार लोटायचं. पोरीचा क्लास लागला की दार लोटायचं. एकेक सिनेमा इतक्यांदा पाहिला, ती नायिका चुकली तर मी सांगीन तिला पुढचं."

"आई, तुला आवडत होतं ते."

"लावून दिलं तर पाहायचं. नाही तर काय भिंत पाहायची?"

"दार मी आवाजासाठी लोटत होतो."

"कोणाच्या आवाजासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. अजूनही आहे. पण भाऊ समोर बसून दात काढत होता, आणि त्याच्यासमोर मी माझ्या घरातल्या गोष्टी बोलत नाही.

"तू नको हसू," आई त्याला म्हणाली. "तू अन् सून सकाळी निघून जाता, मी घर राखते. दूधवाला मी पाहते, कुरियर मी घेते, सिलिंडर मी उतरवून घेते. मला सगळं समजतं. पण इथे मी हॉलमध्ये बसते. आल्यागेल्याला दिसते, तो नमस्कार करतो, चार शब्द बोलतो. म्हणून आहे इथे. तुझ्यासाठी नाही, अन् तुझ्या डब्यासाठी तर नाहीच."

भावाचं हसू असं आटलं की पाहून माझं निम्मं दुःख गेलं. निम्मं राहिलं.

"आता हे नाक काढा तिथून," आई म्हणाली आणि पुन्हा पाय वर घेतले. "ऑपरेशन अर्धं राहिलं माझं."

भाऊ मला सोडायला गेटपर्यंत आला, म्हणजे डबा माझ्या गळ्यात घालायला आला. आता डब्यामागून आई येत नाही हे दोघांनाही कळलं होतं.

"घेऊन जा तुझा डबा," तो म्हणाला.

"माझा कसा? तुझ्या पगाराचा आहे."

"वहिनीने तुला दिला होता ना."

"वापरायला दिला होता. तूच सांगत होता सगळ्यांना."

त्याने डबा माझ्या स्कूटरवर ठेवला, मी काढून त्याच्या कुंपणावर ठेवला. त्याने पुन्हा स्कूटरवर ठेवला. असं आम्ही किती वेळ केलं ते सांगत नाही, पण समोरच्या घरातले लोक आधी खिडकीत होते, मग खुर्च्या घेऊन अंगणात आले. आतून आईचा आवाज आला, "दोघं आत या नाही तर दोघं जा, आवाज येऊन राहिला मला." तेव्हा भाऊ आत गेला, मी निघालो, आणि डबा कुंपणावर राहिला. जलेबीही तिथेच राहिली. ती त्यांनी खाल्ली असेल, त्यांना कशाची लाज नाही.

घरी आल्यावर मी बायकोला काही सांगितलं नाही. पण हॉलमधला सोफा ओढून मागच्या खोलीत नेला. तो दारात अडकला, दाराची चौकट निघाली, चौकटीबरोबर भिंतीचा पोपडा आला. मुलीचं अभ्यासाचं टेबलही मागे ढकललं. तिने विचारलं, "पापा, मेरी क्लास कहाँ होगी?" मी म्हणालो, थिएटरमध्ये. मग मागचा पलंग हॉलमध्ये आणून तिथल्या टीव्हीसमोर टाकला.

"काय करून राहिले?" बायकोने विचारलं.

"हवा खेळती राहावी म्हणून."

"अच्छा," ती म्हणाली आणि गादीवर धुतलेली चादर आणून घातली.

संध्याकाळी मी आईला फोन लावला. मागे टीव्ही चालू होता.

"हॉलमध्ये पलंग टाकला आहे," मी म्हणालो.

"कोणासाठी?"

"कोणी आलं गेलं तर."

"टीव्हीसमोर टाकला की खिडकीकडे?"

"टीव्हीसमोर."

"खिडकीकडे घे. रस्ता दिसला पाहिजे. अन् रिमोट कोणाकडे असतो?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण हॉलमधून मुलीच्या कार्यक्रमाचा आवाज फोनमध्ये जात होता.

"पोरीकडे."

"मग पाहू," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

पलंग मी त्याच दिवशी खिडकीकडे घेतला. रिमोटचं अजून चालू आहे. मी मागतो, मुलगी देत नाही, आणि वर मलाच विचारते की तुम्ही विकत घेतला होता का. ती पोर स्वभावाने थेट माझ्या भावावर गेली आहे.